काळजाची सुई

"हॅलो?… हॅलो, कोन?… सुषमा? हां, बोल. … हळू बोल, वरडू नगं, येतंय ऐकू. … काय केलं? … पळाली म्हंजी? कुटं पळाली? … उपकेंद्राच्या वट्यावर? … मग वट्यावरच बसलीय ना? मग पळाली कसली, सुषमा? तू बी ना!"

रंजनाने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला आणि उशीचा अभ्रा उलटा केला. सुषमा म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, उमेशची बायको. माणूस सोन्यासारखं, पण बातमी द्यायची रीत उलटी. ती आधी आग लागली म्हणून ओरडते आणि मग चुलीत लागली म्हणून सांगते. लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावरच्या, पाहुण्यांना भाड्याने देतात अशा या बंगल्यात रंजनाला असल्या बातम्यांना वेळ नव्हता. शनिवार होता. अकराला एक पार्टी गेली होती आणि दोनला दुसरी यायची होती. मधल्या तीन तासांत पाच खोल्या अशा करायच्या होत्या, की इथे कुणी राहिलंच नव्हतं असं वाटावं. ते काम रंजनाला फार चांगलं जमत असे.

"सिस्टर हायेत ना अजून? … कवा जानार? … एकला? … आन मग? … सोमवारी? न्हाई न्हाई, सोमवार न्हाई चालायचा. डॉक्टर म्हनलेत आजच. … आगं, पर सुई तरी भरली व्हती का? … भरली व्हती. … आन ती बघून उठली. बरं. … फोन दे तिला. … नगं म्हनंना का, तू कानाला लाव."

तिने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा.

"आये?… आये, मी रंजी. … व्हय, कामावरच हाय. … जेवले. … भाजी-भाकरी. … आये, माझ्या जेवनाचं राहू दे. सुई का न्हाई घेतली? … आगं, सांग तरी. … लाल हाय? … लाल हाय म्हनून? औषध असतंय लाल. खोकल्याचं न्हाई का लाल असतं? … तुज्याकडं पिवळं हाय? बरं, पिवळं."

सावित्राबाई, म्हणजे रंजनाची आई, भाजे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत राहते. वय साठीच्या पुढे, नक्की किती ते तिलाही ठाऊक नाही. तिच्या पायांची ही कथा मुंग्यांपासून सुरू झाली होती. गेल्या वर्षी बेंदराच्या सुमाराला ती फोनवर म्हणाली होती, लय मुंग्या येत्यात गं पायाला, झोप न्हाई. रंजना तेव्हा असल्याच कुठल्या तरी खोलीत चादरी झटकत होती. तिने पुढच्या आठवड्यात उमेशबरोबर मुंग्यांचा खडू पाठवून दिला. खाटेच्या चारी पायांभोवती रेघ मार म्हणावं. सावित्राबाईने मारली. लोणावळ्याला राहणाऱ्या शहाण्या लेकीने पाठवलेला उपाय, तो मन लावून करायला नको? खडू संपला तशी तिने दुसरा मागवला, मग तिसरा. वर्षभर मायलेकी एकाच शब्दावर बोलत होत्या आणि दोघींच्या मुंग्या वेगळ्या होत्या.

मग गेल्या महिन्यात सावित्राबाई लोणावळा स्टेशनावर उतरली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाडीपासून मळवलीच्या स्टेशनापर्यंत कुठे गळून पडली होती ते तिला माहीतच नव्हतं. रंजना चार लोकांत तिच्यावर ओरडली. आठ दिवसांनी तोंड धुताना डोळ्यांना साबण लागला म्हणून सावित्राबाईने डोळे मिटले आणि ती न्हाणीत आडवी झाली. तेव्हा कुठे परवा, गुरुवारी, रंजनाने तिला तळेगावला एका डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने स्टीलचा, वाजवला की थरथरणारा एक चिमटा तिच्या घोट्याला लावला आणि विचारलं, थरथरतंय का? सावित्राबाई म्हणाली, व्हय. डॉक्टरने तो वाजवलाच नव्हता. एवढा शिकलेला माणूस विचारतोय, त्याला नाही कसं म्हणायचं, असा तिचा हिशोब. मग त्याने विचारलं, मुंग्या येतात का पायाला? तशी ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, यायच्या, आता न्हाई येत. लेकीनं खडू धाडला, त्यानं लय गुण आला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि रंजनाकडे पाहिलं. त्याने आवाज चढवला नाही. मुंग्या थांबल्या ही चांगली गोष्ट नाही, पाय बधिर झालेत, एवढंच म्हणाला.

"आये, ऐक ना. … हो, हो… आगं ऐक तर! काल रिपोर्ट आला ना रक्ताचा. त्यात काय लिवलंय म्हाईत हाय का? तुज्या अंगात बी बारा न्हाई. … बी बारा. … न्हाई गं, बारा बिया न्हाई. … पेरायची बी न्हाई ती! जीवनसत्त्व असतं. … व्हिटॅमिन. … हां, शक्तीचं. शक्तीचंच म्हन. ते असाया पायजे दोनशेच्या वर आन तुजं हाय नव्वदच्या आत."

"… न्हाई, चक्कर येत न्हाई म्हनून चांगलं असं नसतं. … वायर असती ना गं घरातली? तिच्यावरचं प्लास्टिक उंदरानं खाल्लं तर काय व्हतं? … हां, लाईट जाती. तसं तुज्या पायाच्या शिरांवरचं प्लास्टिक झिजलंय. डॉक्टरच म्हनले असं. … उंदरानं न्हाई गं! बी बारा न्हाई म्हनून. … तूच हसतीयास बग. हसू नगं."

हसत मात्र रंजना नव्हती. तिचा आवाज वर-खाली होत होता, ओरडत होता, लाडीगोडी लावत होता, आणि हे सगळं तो आवाज आपापलं करत होता. काल रिपोर्ट आला तेव्हाही असंच झालं. डॉक्टर फोनवर सांगत होता, की सुई उद्यापासून, एक दिवसाआड, मग आठवड्याला. जेवढं परत येईल तेवढं येईल, पण उशीर होईल तसा भरवसा कमी. पाय गेले तसे पुढे हात जातात, माणूस विसरायला लागतं. रंजना हो सर, हो सर म्हणत राहिली. फोन ठेवून तिने भात लावला. आईचे पाय कायमचे जाऊ शकतात हे तिला पक्कं समजलं होतं. वाटलं मात्र काही नव्हतं.

"तर मग घे ना सुई. … आता काय? … कोन म्हनलं? … सरूआत्या? सरूआत्या डॉक्टर हाय का? … कुनाला दिली व्हती? … तिच्या सासऱ्याला? कवाशी? … तू लगीन व्हऊन आलीस तवा. बरं. मग? … कंपाउंडर काय म्हनला व्हता? … काळजाची सुई? … बकऱ्याच्या?"

रंजना हातातली उशी तशीच धरून उभी राहिली.

गंमत अशी, की वाडीतली ही सरूआत्या साफ खोटं बोलत नव्हती. फार वर्षांमागे अशक्त माणसाला जनावराच्या काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, अर्काची सुई देत असत. तीही रंगाने गडद असायची. हे जीवनसत्त्व माणसाला पहिल्यांदा तिथेच, काळजात सापडलं. परवा डॉक्टरनेच सांगितलं होतं. आपल्याही अंगात त्याचा साठा काळजातच असतो म्हणाला, आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मग त्याने सावित्राबाईला विचारलं, मटण, मासे, अंडी खाता? नाही. कधीपासून? झाली की नऊ वर्सं. दूध? डेरीला घालतो. चहा? कोरा. नऊ वर्षं हा आकडा रंजनानेही तेव्हाच पहिल्यांदा ऐकला होता. तिला वाटायचं, दातांमुळे खात नाही.

"आये, ही तसली सुई न्हाई. ती जुन्या काळातली. आता बकरं-बिकरं कापत न्हाईत त्यासाठी. … मग कशाचा म्हंजी? त्याचा रंगच लाल असतोय. कारखान्यात बनिवत्यात. … कशापासून? जंतूपासून. … जंतू गं, बारीक, दिसत बी न्हाईत. ते ह्यो बी बारा बनिवत्यात. … न्हाई, मारत न्हाईत. … आता मला काय म्हाईत मारत्यात का सोडत्यात!… जंतू म्हंजी जीवच. व्हय, जीवच. मग दह्यात काय असतंय? … दह्यात बी जंतूच असत्यात आये. लग्नात मठ्ठा पितीस ना चार-चार गलास? … मग तितं न्हाई बाटलीस ती?"

"आले, आले कोंडाजीभाऊ!… तुला न्हाई गं. हितं वॉचमन हायेत, कोंडाजीभाऊ, ते बोलिवत्यात. … टॉवेल पायजेत त्यांना. … हो भाऊ, खालच्या कपाटात! निळे नका घेऊ, निळे हौदावरचे!… हां, बोल आये. … न्हाई घेत? … सरळ न्हाई घेत म्हनतीस? … आगं, मंग पाय गेल्यावर काय करशील? चुलीपसून न्हाणीपतूर कोन न्हेईल? सुषमा न्हेईल? तिला दोन पोरं हायेत."

ही सावित्राबाई सुकटासाठी जीव टाकणारी बाई. बाजारातून सुकटाची पुडी आली की उभ्या उभ्या तव्यावर टाकायची, वर हाताने फोडलेला कांदा, आणि भाकरी तव्याजवळच बसून खायची. वास पार ओढ्यापर्यंत जायचा. ती बाई आता सुईतसुद्धा बकरं शोधत होती. रंजनाला त्याचा अर्थ लागेना.

"आये, एक खरं सांग. दातामुळं सोडलंस ना वशाट? … मग? … आबा गेले म्हनून? … त्याच्या आधीच? मग कशापायी? … सांग की. … रडतीस का? … न्हाई रडत. बरं, मग सांग."

"… कुनाला बोलली व्हतीस? … वाघजाईला. … काय बोलली व्हतीस?"

मग बराच वेळ रंजना नुसती ऐकत राहिली. खिडकीबाहेर हौदातलं पाणी मशीनमधून गोल फिरत होतं.

"… माजी कूस उजवल्याबिगर वशाटाला शिवनार न्हाई. … असं बोललीस. … आन नऊ वर्सं पाळलंस. … मला का न्हाई सांगितलं? … सांगितलं की फळत न्हाई. बरं."

रंजनाला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. ती थांबून राहिली. काहीच झालं नाही. तिने उशी अभ्र्यात सरकवली, चारी कोपरे नीट केले आणि ती पलंगाच्या डोक्याशी उभी करून ठेवली. आईचं बोलणं चालूच होतं. नऊ वर्षं काढली आणि आता एका सुईपायी देवीसमोर खोटं पडू का, माझ्या पायांचं मेलं काय, पण तुझ्या पोटाला माझ्या हाताने काटा लावू का, असं ते बोलणं होतं, आणि रंजना त्याला हूं हूं म्हणत होती.

"… हूं. … हूं. … आये, असं करू. माज्या नावाचा नवस हाय ना? मग मी घेते तो. आजपसून मी सोडते वशाट. अंडं बी सोडते. तू मोकळी व्हशील. … का? … का न्हाई चालायचं? देवीला काय, कुनीतरी पाळल्याशी कारन. … काय? … माजे पाय जातील? … आन तुजे गेले ते?"

यापुढे सांगायला एकच गोष्ट उरली होती.

तीन वर्षांमागे रंजनाचं ऑपरेशन झालं होतं. आईला तिने आपेंडिस म्हणून सांगितलं. सावित्राबाई आली आणि पंधरा दिवस राहिली. रोज बाजारातून बकऱ्याचे पाय आणून तिने लेकीला सूप करून पाजलं. स्वतः समोर बसून चटणी-भाकरी खाल्ली. तू का न्हाई घेत गं, असं रंजनाने विचारलंही होतं. दातात अडकतं, असं ती म्हणाली होती. मायलेकी एका ताटाशी बसून एकमेकींशी खोटं बोलत होत्या आणि दोघींनाही ते एकमेकींच्या भल्यासाठीच वाटत होतं.

"आये. … सुषमा जवळ हाय का? … तिला म्हनावं, जरा नळापतूर जाऊन ये. … सांग तर. … गेली? … आये, माजं ऑपरेशन झालं व्हतं बग. … व्हय, आपेंडिसचं. … ते आपेंडिसचं नव्हतं."

"… पिशवी काढली माजी. … पिशवी गं, गर्भाची. … गाठी झाल्या व्हत्या, रक्त थांबत नव्हतं. … समदीच काढली. … ह्यांना म्हाईत हाय. ह्यांनीच सही केली. … बाकी कुनाला न्हाई. … न्हाई, आता कायबी व्हत न्हाई त्यावर. कुठलाच डॉक्टर न्हाई, कुठलीच देवी न्हाई. … तीन वर्सं झाली, आये. तू उगाच पाळलंस. ही तीन वर्सं तू साफ उगाच पाळलंस. मी सांगितलं असतं तर…"

तिने चादरीचा कोपरा गादीखाली खोचला.

"… हॅलो? … आये? … हायेस ना? … आये, बोल की कायतरी."

तिकडून वट्यावर फिरणारं एक कोंबडं ऐकू येत होतं. कुणीतरी बादली ठेवली. साडेबारा वाजून गेले होते. आई आता शिव्या देईल, नाहीतर टाहो फोडेल, नाहीतर फोन टाकून देईल, असं रंजनाने मनाशी धरलं आणि तिन्हींसाठी ती तयार होऊन उभी राहिली. हनुमंतानेही, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तेव्हा फक्त औषधं वेळेवर घे म्हटलं होतं. दवाखान्यातल्या बाईने कागद फाईलला लावला होता. सासूने, तिला आपेंडिसच माहीत असल्याने, टाके ओले होऊ देऊ नको म्हटलं होतं. पण रंजनाला कुणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"… काय? … आगं, नीट ऐकू आलं न्हाई. पुन्यांदा बोल. … दुखलं व्हतं का?"

रंजनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"… न्हाई गं. … न्हाई दुखलं. भूल दिलेली. कायबी कळलं न्हाई मला. … नंतर बी न्हाई. … खरंच. सुईनं पायापसून बधिर करत्यात, कापलेलं बी कळत न्हाई. … हां, तुज्या पायासारखंच. … न्हाई, न्हाई दुखलं. तू कशाला रडतीस? … मी न्हाई रडत. मला कुटं रडू येतंय? तवा बी न्हाई आलं."

"… वाघजाईला मी सांगते. तू नगं सांगूस. … सोमवारी येते ना, सुट्टी हाय. नारळ घेऊन जाते वर. सांगते, माज्या आयेनं पाळलं, खोट माज्यात व्हती, तिला मोकळी कर. … करती गं. बाईच हाय ती बी. … मंग आता उठ. … सिस्टर निघतील. … आये, उठतीस ना? … सुषमाला हाक मार. सुषमा! सुषमाऽ! … हां, धर तिला. उंबऱ्याला उंची हाय, बघून. … पाय कुटं पडतो ते डोळ्यांनी बघ आये, पायावर भरवसा ठेवू नगं. … आलीस आत? … बस. फोन बंद नगं करूस, सुषमाच्या हातात दे. तसाच ठेव म्हनावं."

रंजना पलंगावर बसली. पाहुण्यांच्या, घडी न मोडलेल्या पलंगावर कामवाल्या बायकांनी बसायचं नाही, हा बंगल्याचा नियम होता आणि सात वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता. खालून कोंडाजीने पुन्हा हाक मारली. तिने ओ दिली नाही. फोनमधून सिस्टरचा आवाज येत होता, हात सैल सोडा मावशी, सैल. भरलेल्या सुईचं टोपण काढल्याचा बारीक आवाज आला. आणि मग सावित्राबाई अशी ओरडली, की रंजनाने फोन कानापासून लांब धरला.

"आये?… आये, दुखलं का? … दुखलं? … लय? … ठणकतंय? … व्हय, ह्यी सुई लागतीच. चोळू नगं. … आगं, हातात कळतंय ना अजून, चांगलं हाय ते. … तळेगावच्या डॉक्टरला शिव्या नगं देऊस, त्यानंच लिवून दिली. … परवा पुन्हा. … व्हय, पुन्हा. … दुखूदे. दुखूदे जरा."

ती हे बोलत होती आणि बोलता बोलता तिच्या ओटीपोटाशी, टाक्यांची जुनी रेघ होती तिथे, काहीतरी घट्ट आवळून आलं. तिने तिथे हात दाबून धरला. तीन वर्षं ती त्या रेघेवरून रोज साबण फिरवत होती, दुसऱ्या कुणाच्या अंगावरून फिरवावा तसा.

"आये. … मगाशी मी खोटं बोलले. … दुखलं व्हतं. … भूल उतरल्यावर. … न्हाई, सांगत न्हवते कुनाला. … लय दुखलं व्हतं गं आये. अजून दुखतंय."

आणि मग रंजनाला रडू आलं. मोठ्याने नाही. नाकातून पाणी यावं तसं, थांबवता न येणारं. स्वच्छ चादरीवर दोन डाग पडले. ती ऐकत राहिली, कारण पलीकडून आई बोलत होती. एकसारखी, हळू, वासराशी बोलावं तशी.

"… हूं. … हूं. … व्हय. … न्हाई, आता न्हाई एकटी सोसत. सांगते. … हूं. … पुसले डोळे. … हो भाऊ, आले! चादर बदलते आन येते!… कोंडाजीभाऊ. … व्हय, सोमवारी. पैल्या गाडीनं. … तू स्टेशनावर येऊ नगं, उमेशला धाड. … काय आणू? बोल ना. … काय?"

हातातला ओला पदर तसाच राहिला. नऊ वर्षांत हा शब्द तिने आईच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि तो मागताना आईने काय सोडून दिलं ते तिला नीट कळलं.

"… सुकट? … व्हय. आणते. … बारीक का जाड? … बारीक. … आन अंडी? … अंडी हायेत, बरं. … न्हाई न्हाई, मी न्हाई करत, तूच कर. मी नुसती आणते. तव्याजवळ बसू दोघी. … व्हय. … कांदा घरचा हाय ना? … हां. … ठेव आता. … ठेवते मी. … तू ठेव."